साईट बांधतानाच एसईओ: नागपूरच्या कूलरवाल्याची वेबसाईट, पहिल्या दिवसापासून

नागपुरात कूलरची चौकशी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडला की थांबते. म्हणजे कूलर विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा लग्नाच्या हॉलसाठी भाड्याने देणाऱ्या माणसाला गुगलवर दिसायला वर्षातले जेमतेम चार महिने मिळतात. साईट गुगलवर वर दिसावी म्हणून करायचं काम म्हणजे एसईओ. साईट मार्चात तयार झाली आणि "आता एसईओवाल्याकडे द्या" म्हटलं, तर गुगलला पानं सापडून, वाचून, ती कुठे बसवायची हे ठरेपर्यंत नवतपा उलटून गेलेला असतो. त्यातून एसईओवाल्याने "पत्ते बदला, मेनू बदला, मजकूर सर्व्हरवरून येऊ द्या" असं सांगितलं, तर अर्धी साईट पुन्हा बांधायची वेळ येते.

म्हणून हे काम वेगळं काढायचं नाही, बांधकामातच मुरवायचं. उदाहरणाला एक काल्पनिक दुकान घेऊ: सक्करदऱ्याला वर्कशॉप, बर्डीवर शोरूम, आणि घरी जाऊन दुरुस्ती करणारे चार मिस्त्री. साईट करणारे तुम्ही, हाताशी एखादा जोडीदार. तान्हा पोळा आटोपला की कामाला लागलात तर नोव्हेंबरात साईट लाइव्ह होते आणि सीझनआधी तीन-चार महिने हातात राहतात.

कामाचा क्रम लावताना एकच प्रश्न विचारत राहा: हे नंतर बदलायला किती महाग पडेल? पानांचे पत्ते, भाषांची मांडणी आणि मजकूर कुठे (सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये) तयार होतो, या तीन गोष्टी सगळ्यात महाग. पानाचं वर्णन, म्हणजे सर्चमध्ये टायटलखाली दिसणाऱ्या ओळी, कोणत्याही दिवशी पाच मिनिटांत बदलता येतं. नवखे लोक नेमकं उलट करतात. वर्णनावर आठवडा घालवतात आणि पत्ते फ्रेमवर्क (साईट बांधायचं तयार साधन) देईल तसे ठेवतात.

आधी शब्द, मग डिझाइन

डिझाइनची फाइल उघडण्याआधी एक शीट उघडा. दुकानात फोन कोण उचलतं ते विचारा आणि त्या माणसाजवळ अर्धा दिवस बसा. गिऱ्हाईक फोनवर जे शब्द वापरतं, साधारण तेच सर्चमध्ये टाकतं. "डेझर्ट कूलर" हा शब्द कॅटलॉगात असतो. फोनवर मात्र "मोठा लोखंडी कूलर", "खस बदलून पाहिजे", "मोटर जळली", "पाणी चढत नाही" असं येतं. पाणी चढत नाही म्हणजे पंप गेला किंवा जाम झाला, हे मिस्त्रीला ऐकताक्षणी कळतं. गुगलला ते तुमच्या पानावरून कळायचं आहे. तेव्हा पंपाच्या पानावर "पाणी चढत नाही" हे शब्द जसेच्या तसे आले पाहिजेत.

नागपूरचा आणखी एक गुंता म्हणजे भाषा. एकच माणूस घरी मराठी बोलतो, दुकानात हिंदी, आणि फोनवर टाइप करतो रोमन अक्षरांत. जागांचंही तसंच: पाटीवर सीताबर्डी, इंग्रजी नकाशावर सीताबुल्डी आणि बोलताना नुसती बर्डी. सगळी रूपं एका पानात कोंबायची गरज नाही, त्यातली बरीचशी गुगल स्वतःच एकत्र धरतं. पत्त्यात "सीताबर्डी" लिहिलं आणि रस्ता सांगताना "बर्डीच्या मुख्य चौकातून" असं लिहिलं की दोन्ही शब्द आपसूक येतात.

फोनवरचे शब्द झाले की तेच शब्द गुगलच्या खिडकीत हळूहळू टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते उतरवून घ्या. "लोक हेही विचारतात" या चौकटीतले प्रश्नही घ्या. मग कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणाऱ्या गुगलच्या साधनात, ठिकाण नागपूर ठेवून तपासा. जाहिरातींवर खर्च करत नसाल तर तिथे नेमका आकडा न मिळता पट्टा मिळतो, आणि मराठी शब्दांपुढे कित्येकदा काहीच दिसत नाही. आकडा नाही म्हणून शब्द खोडू नका. महिन्याला दहाच लोक "लग्नासाठी कूलर भाड्याने" शोधत असतील, पण त्यातला एकेक माणूस दहा-वीस कूलर नेतो.

आता शीटमध्ये प्रत्येक गरजेला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला एक पान. रकाने असे: गरज, लोकांचे शब्द, पत्ता, टायटल (सर्चमध्ये दिसणारं पानाचं नाव), मुख्य हेडिंग (पानावरचा मथळा), कोणत्या पानांवरून लिंक येणार. आपल्या दुकानाला बारा-पंधरा पानं पुरतात. लोखंडी कूलर, फायबर कूलर, जम्बो कूलर भाड्याने, दुरुस्ती, पंप आणि मोटर, खस आणि जाळी बदलणे, कोणत्या खोलीला किती मोठा कूलर लागतो, दर, दुकानाचा पत्ता, आणि मग नेहमीची "आमच्याविषयी"सारखी पानं. दोन ओळींची गरज एकच निघाली तर त्या एकत्र करा. नाहीतर तुमचीच दोन पानं एकमेकांशी भांडत बसतात आणि कोणतं दाखवायचं हे गुगलला ठरवावं लागतं.

इथे क्लायंट हमखास एक मागणी करतो: धरमपेठ, मनीषनगर, हिंगणा, कामठी, प्रत्येक वस्तीचं वेगळं पान, मजकूर तोच, नाव तेवढं बदललेलं. नाही म्हणा. असली पानं गुगलच्या स्पॅम धोरणात "डोअरवे" म्हणून मोडतात. हिंगण्याच्या कारखान्यांसाठी खरोखर वेगळं काम होत असेल, मोठ्या शेडचे कूलर, वेगळे दर, वेगळे फोटो, तर त्याचं पान हक्काने करा. नाहीतर "आम्ही कुठे येतो" या एकाच पानावर सगळ्या वस्त्या, येण्याचे पैसे आणि लागणारा वेळ लिहा.

पत्ते एकदाच ठरवा

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवता येतो. गुगलला तो चालतो, ब्राउझरमध्ये सुबकही दिसतो. अडचण कॉपी करताना येते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं धरून, संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. "कूलर-दुरुस्ती" यात बारा चिन्हं आणि एक आडवी रेघ आहे. कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की कित्येकदा त्याची १०९ अक्षरांची टक्के-चिन्हांची माळ होते. गिऱ्हाईक असल्या लिंकला व्हायरस समजतं. म्हणून मजकूर मराठीत आणि पत्ता रोमन अक्षरांत, छोट्या लिपीत, शब्दांमध्ये आडवी रेघ, हा व्यवहारी मार्ग. खालची रेघ (अंडरस्कोर) वापरू नका.

पत्त्यात साल घालू नका. "कूलर-दर-२०२५" असा पत्ता केला की पुढच्या वर्षी नवं पान लागतं आणि जुन्याने कमावलेली पत वाया जाते. साल टायटलमध्ये लिहा, तिथे ते बदलता येतं. पान कोणत्या विभागात आहे हेही पत्त्यात खोलवर घालू नका. विभाग बदलले की पत्ते बदलतात.

मग चार दरवाज्यांचा एक दरवाजा करा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, असे एकाच मुखपृष्ठाचे चार पत्ते तयार होतात. एक निवडा, उरलेले तीन ३०१ रिडायरेक्टने (कायमच्या वळणाने) थेट त्याच्याकडे वळवा. थेट म्हणजे एका उडीत. आधी एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग शेवटची तिरकी रेघ अशी साखळी नको. शेवटी तिरकी रेघ ठेवायची की नाही हेही आत्ताच ठरवा, आणि साईटमधल्या सगळ्या लिंक त्याच रूपात लिहा. प्रत्येक पानाच्या डोक्यात स्वतःकडेच बोट दाखवणारा कॅनॉनिकल टॅग, म्हणजे "या पानाचा खरा पत्ता हा" असं सांगणारी ओळ, घाला. जाहिरातीच्या लिंकमधून प्रश्नचिन्हानंतर चिकटणाऱ्या शेपट्या त्यामुळे एका पत्त्याखाली येतात.

मराठी आणि इंग्रजी: दोन पानं, दोन पत्ते

एकाच पत्त्यावर बटण दाबलं की भाषा बदलते, अशी सोय डेव्हलपरला फार आवडते. गुगलचा बॉट, म्हणजे साईट वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, बटण दाबत नाही. त्याला जी भाषा आधी दिसते तीच त्याच्यालेखी पानाची भाषा, दुसरी अस्तित्वातच नाही. म्हणून मराठीला एक फोल्डर, इंग्रजीला दुसरं, आणि दोन्हीत खऱ्या लिंका. आयपी (पाहणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता) पाहून आपोआप भाषा बदलण्याच्या भानगडीतही पडू नका. गुगलचा बॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. त्याला तुम्ही दरवेळी इंग्रजीकडे ढकललंत तर मराठी पानं त्याच्या हाती लागणार नाहीत.

दोन रूपांची जोडी गुगलला एचरेफलँग टॅगने (भाषेची रूपं सांगणाऱ्या ओळींनी) सांगायची. मराठी पानावर तीन ओळी येतात: मराठी रूप, म्हणजे ते पान स्वतः, इंग्रजी रूप, आणि "बाकी सगळ्यांसाठी" कोणतं ते. इंग्रजी पानावर त्याच तीन ओळी. चूक होते ती परतीच्या ओळीत. मराठी पान इंग्रजीकडे बोट दाखवतं, इंग्रजी पान मराठीकडे दाखवत नाही; मग ती जोडी गुगल धरतच नाही. ओळी हाताने लिहू नका, टेम्प्लेटने तयार करा. आणि इंग्रजी पानाचा कॅनॉनिकल मराठी पानाकडे देऊ नका. तसं केलं म्हणजे "हे पान नक्कल आहे, सोडून द्या" असं तुम्हीच सांगितलंत.

एक जुनं दुखणं विदर्भात अजून भेटतं. क्लायंट मजकुराची फाइल देतो, ती श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असते. पडद्यावर अक्षरं मराठी दिसतात, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँटने वरून मराठीचा मुखवटा चढवलेला. ते साईटवर गेलं तर गुगलला निव्वळ कचरा दिसतो. तपासायचं सोपं: मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे मराठी दिसली तर युनिकोड, म्हणजे गुगलला वाचता येणारी. नाहीतर कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर माणसाकडून वाचून घ्या, कारण र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. अशा मजकुराचं पोस्टर करून ते चित्र म्हणून साईटवर चिकटवणं हा त्याहून वाईट तोडगा.

पानाच्या डोक्यात भाषेचा कोड मराठीचा ठेवा. गुगल पानाची भाषा त्यावरून ठरवत नाही, दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. पण स्क्रीन रीडर त्यावर चालतात, आणि काही फाँटमध्ये मराठी वळणाचा "ल" आणि "श" या कोडमुळेच उमटतो. नाहीतर हिंदी वळण दिसतं.

सर्व्हरवरून येतं काय?

साईट तयार होत असताना रोज करायची ही तपासणी. पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. जे दिसतं तो सर्व्हरने पाठवलेला कच्चा माल. रिअ‍ॅक्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या एका साधनात) नुसती ब्राउझरमध्ये चालणारी साईट केली असेल तर तिथे काय दिसतं? डोक्यात सगळ्या पानांना सारखंच टायटल, अंगात "रूट" नावाची एक रिकामी चौकट, आणि खाली जावास्क्रिप्टच्या फाइलची एक ओळ. "खस" शब्द शोधा, सापडत नाही. "पंप" शोधा, नाही. तुमच्या पडद्यावर भरलेलं दिसणारं दुकान कच्च्या मालात रिकामं शेड असतं.

गुगल जावास्क्रिप्ट चालवतं, २०१९ पासून त्याचा बॉट ताज्या क्रोमवरच चालतो. पण ते काम वेगळ्या रांगेत लागतं, फाइल अडकली किंवा एपीआयने (माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरने) वेळेत उत्तर दिलं नाही तर पान रिकामंच इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या नोंदीत, जातं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकचं चित्र दाखवणारे बॉट तर जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत. पंधरा पानांच्या दुकानाने ही जोखीम घ्यायचं कारण नाही. पानं बिल्ड करतानाच तयार एचटीएमएल करून ठेवा. नेक्स्ट, अ‍ॅस्ट्रो, ह्युगो, यांतल्या कोणत्याही साधनाने करा. वर्डप्रेस घेतलं तर ते मुळातच सर्व्हरवरून पान देतं. त्याला नावं ठेवायची फॅशन आहे, पण सांभाळायला क्लायंटचा भाचा बसणार असेल तर आमचं मत वर्डप्रेसच.

कोडमध्ये लिंक म्हणजे ए टॅग आणि त्यात एचरेफ, म्हणजे पुढच्या पानाचा पत्ता. डिव्हवर (नुसत्या चौकटीवर) क्लिकचा हँडलर लावून पान बदलणं माणसाला लिंक वाटतं, बॉटला भिंत. "आणखी पहा" बटणामागे उत्पादनं दडवली असतील तर दुसऱ्या, तिसऱ्या भागालाही स्वतःचा पत्ता आणि साधी लिंक द्या. मिटून ठेवलेला, दाबल्यावर उघडणारा प्रश्नोत्तरांचा भाग चालतो, पण मजकूर एचटीएमएलमध्ये आधीपासून असला पाहिजे. क्लिक केल्यावर सर्व्हरकडून येणारा मजकूर बॉटला कधीच मिळत नाही, कारण तो क्लिक करत नाही.

आणखी एक छुपा खड्डा. मुद्दाम चुकीचा पत्ता टाका, काहीही. "पान सापडलं नाही" असं दिसेल, पण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये स्टेटस पहा. एकाच फाइलवर चालणाऱ्या साईट अशा वेळी बहुधा २०० देतात, म्हणजे "सगळं ठीक". तिथे ४०४, म्हणजे "पान नाही", आलंच पाहिजे. नाहीतर चुकीच्या पत्त्यांची पानंही गुगल तपासत बसतं.

टेम्प्लेटमध्ये काय घालायचं

अ‍ॅडमिनमध्ये प्रत्येक पानाला तीन वेगळे रकाने द्या: टायटल, मुख्य हेडिंग, वर्णन. टायटल आणि हेडिंग एकाच रकान्यातून काढण्याची सवय सोडा. सर्चमध्ये टायटल एकटं दिसतं, तेव्हा त्यात "नागपूर" लागतं. पानावर दहा ठिकाणी नागपूर आधीच लिहिलेलं असतं. दुरुस्तीच्या पानाचं टायटल असं: "कूलर दुरुस्ती, नागपूर: पंप, मोटर, खस", आणि शेवटी दुकानाचं नाव. त्याच पानाचं हेडिंग: "घरी येऊन कूलर दुरुस्त करून देतो". टायटल किती अक्षरांचं, याला गुगलने मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीनुसार ते कापलं जातं, आणि देवनागरीत मोजणं आणखी फसवं. महत्त्वाचं पहिल्या चार-पाच शब्दांत आणा आणि पुढे जा.

वर्णनाने क्रमांक वाढत नाही, आणि गुगल कित्येकदा ते बाजूला ठेवून पानातलाच तुकडा उचलतं. दोन वाक्यं पुरे: काय करता, किती वेळात येता. मेटा कीवर्ड्स टॅग (कोडमध्ये दडवलेली शब्दांची यादी) गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. अजूनही तो रकाना मागणारा कोणी भेटलाच तर पीडा घालवायची नागपुरी आरोळी ठोका: "घेऊन जा गे मारबत".

मुखपृष्ठावरून कोणत्याही पानावर दोन, फार तर तीन क्लिकमध्ये पोहोचता आलं पाहिजे. लिंकच्या मजकुरात "इथे क्लिक करा" नको, "खस बदलण्याचे दर" हवं.

वेग: फोटो, फाँट आणि सर्व्हर

गुगल तीन मोजमापं पाहतं. पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत. बोट लावल्यावर पडदा हलायला २०० मिलिसेकंदांच्या आत. आणि पान लोड होताना मजकूर उड्या मारतो त्याचा गुण ०.१ च्या आत. दुसरं मोजमाप, आयएनपी, मार्च २०२४ मध्ये एफआयडी नावाच्या जुन्या मोजमापाच्या जागी आलं. हे आकडे खऱ्या वापरकर्त्यांच्या भेटींवरून काढतात, आणि चारपैकी तीन भेटी मर्यादेत बसाव्या लागतात. नव्या साईटला भेटीच नसतात, म्हणून सुरुवातीला लाइटहाउसवर (क्रोममधल्या चाचणीच्या साधनावर) भागवा. त्याचा १०० पैकी गुण म्हणजे देवाचा कौल नव्हे. पानात मजकूरच नसेल तर वेगाने क्रमांक येत नाही.

फोटो आधी आटोक्यात आणा. दुकानदार फोनवरून काढलेला चार हजार पिक्सेल रुंद, चार-पाच एमबीचा फोटो पाठवतो. तो १२०० पिक्सेल रुंद वेबपी (चित्राचं हलकं स्वरूप) करून साधारण शंभर-दीडशे केबीत बसतो आणि पडद्यावर फरक दिसत नाही. लहान फोनसाठी ४८० आणि ८०० रुंदीची रूपंही टेम्प्लेटनेच तयार करा. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची लिहा. नाही लिहिली तर चित्र येईपर्यंत जागा राखली जात नाही आणि "फोन करा" बटण बोटाखालून खाली सरकतं. खालची चित्रं लेझी लोड ठेवा, म्हणजे तिथवर पोहोचल्यावरच ती येतील, पण सगळ्यात वरचं मोठं चित्र नाही. सरसकट सगळ्यांना लेझी लावणं ही फार होणारी चूक आहे. त्यामुळे नेमकं मोजलं जाणारं चित्र उशिरा येतं. त्या एकाला उलट प्राधान्य द्या. फिरता स्लायडर काढून टाका. पाच बॅनरपैकी पहिलाच लोक पाहतात, उरलेले चार फक्त डेटा खातात.

फाँटचा प्रश्न मराठीत वेगळा आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये आकार पुष्कळ, त्यामुळे फाइल जड. दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक, वॉफ-टू स्वरूपात, आणि फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. फाइल हलकी करायला कुणी "न लागणारे" आकार हाताने छाटले, तर "क्ष", "ज्ञ" नाही पण "द्ध", "ह्य", "ऱ्या" यांतलं काहीतरी तुटतं आणि ते लाइव्ह झाल्यावरच लक्षात येतं. फाँट येईपर्यंत फोनचा फाँट दिसू द्या. दोघांची उंची फार वेगळी असेल तर ओळी उड्या मारतात. तेव्हा सीएसएसमध्ये बदली फाँटचा आकार जुळवून घ्या.

सर्व्हर मुंबईत घ्या. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं तिथे आहेत. स्वस्त होस्टिंगचा सर्व्हर अमेरिकेत असेल तर एकेका फेरीला दोन-अडीचशे मिलिसेकंद जातात, आणि पान उघडायला एक फेरी पुरत नाही. तपासणी ऑफिसच्या वायफायवर नको. आठ-दहा हजारांचा अँड्रॉइड घ्या, मोबाइल डेटावर चालवा. गुगलही साईटचं मोबाइल रूपच वाचतं, म्हणून मोबाइलवर जागा वाचवायला मजकूर कापला तर तो गुगलसाठीही कापला गेला.

स्टेजिंगचं कुलूप

स्टेजिंगवरची, म्हणजे अजून तयार होत असलेली, साईट गुगलपासून लपवायची तीन साधनं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. रोबोट्स फाइल बॉटला वाचायला मनाई करते, पण दुसरीकडून लिंक मिळाली तर नुसता पत्ता इंडेक्समध्ये येऊ शकतो. नोइंडेक्स टॅग इंडेक्समधून बाहेर ठेवतो, पण तो दिसायला पान वाचता यावं लागतं. दोन्ही एकत्र लावले तर नोइंडेक्स वाचलाच जात नाही. स्टेजिंगला सरळ पासवर्ड लावा. त्याला तोड नाही.

लाइव्ह करताना कुलूप काढायला विसरणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या "रीडिंग" पानावर सर्च इंजिनांना रोखणारी एक टिक करायची चौकट असते. ती तशीच राहते, साईट सुंदर दिसते, फोन मात्र वाजत नाही, आणि मे उजाडतो. आठवणीवर सोडू नका. डिप्लॉयच्या (साईट सर्व्हरवर चढवण्याच्या) स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घाला: लाइव्ह पानात नोइंडेक्स सापडला किंवा रोबोट्स फाइलमध्ये पूर्ण साईटला मनाई दिसली, तर डिप्लॉय थांबवा.

जुनी साईट असेल तर लाइव्ह करण्याआधी तिचे सगळे पत्ते गोळा करा: सर्च कन्सोलमधून (साईटमालकासाठी गुगलचं साधन), सर्व्हरच्या नोंदींतून आणि जुन्या साइटमॅपमधून (पत्त्यांच्या यादीची फाइल). प्रत्येक पत्त्यापुढे त्याच विषयाचं नवं पान लिहा आणि ३०१ लावा. जुळणारं पानच नसेल तर ४०४ जाऊ द्या. सगळं मुखपृष्ठाकडे वळवलं तर गुगल ते हरवलेलं पानच समजतं. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, खरं तर कायमचे. जुनं होस्टिंग बंद करायची घाई क्लायंटला असते, त्याला दोन महिने धरून ठेवा.

दुकान नकाशावर

नागपूरच्या गिऱ्हाइकासाठी अर्धं काम गुगल बिझनेस प्रोफाइल करतं. शोरूमचं प्रोफाइल पत्त्यासह. नुसती घरपोच सेवा देणारा असेल तर पत्ता लपवून सेवेचा परिसर द्यायचा. नाव, पत्ता आणि फोन साईटवर आणि प्रोफाइलवर सारखाच ठेवा: एकीकडे ०७१२ चा लँडलाइन आणि दुसरीकडे मोबाइल, असं नको. प्रोफाइलच्या नावात "नागपूर नं. १ कूलर दुरुस्ती" असे शब्द चिकटवू नका, नियमभंग आहे आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. फोन नंबर मजकूर म्हणून लिहा, त्यावर डायल होणारी लिंक द्या. चित्रात लिहिलेला नंबर कोणी दाबू शकत नाही.

हीच माहिती जेसन-एलडीमध्ये (सर्च इंजिनसाठी पानात घालायच्या कोडमध्ये) लोकल बिझनेस प्रकाराने घाला: नाव, पत्ता, पिनकोड, अक्षांश-रेखांश, फोन, वेळा. उन्हाळ्यात दुकान रात्री दहापर्यंत आणि पावसाळ्यात सातपर्यंत असेल तर वेळा दोन्हीकडे बदला. पानावर जे दिसत नाही ते या कोडमध्ये लिहायचं नाही. स्वतःच्याच दुकानाला स्वतःच्या साईटवर पाच तारे लावून काही उपयोग नाही. असे तारे गुगलने २०१९ पासून दाखवणं बंद केलं. प्रश्नोत्तरांच्या कोडचंही तेच. सर्चमधली त्याची विशेष मांडणी गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यतः सरकारी आणि आरोग्यविषयक साईटपुरतीच मर्यादित केली. प्रश्न आणि उत्तरं वाचणाऱ्यासाठी लिहा, कोडसाठी नको.

लाइव्ह झाल्यावरचे तीन आठवडे

सर्च कन्सोलमध्ये डोमेन प्रॉपर्टी जोडा, डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) टीएक्सटी नोंद टाकून. त्याने चारही दरवाजे एकाच हिशेबात येतात. ती क्लायंटच्या खात्यावर करा, तुमच्या नाही. उद्या तुम्ही बदललात तरी त्याची माहिती त्याच्याजवळ राहते. साइटमॅप द्या. एका फाइलला ५०,००० पत्ते आणि ५० एमबीची मर्यादा आहे, आपल्याला तिची काळजी नाही. साइटमॅपमधले प्राधान्य आणि बदलाची वारंवारता हे रकाने गुगल पाहत नाही. शेवटच्या बदलाची तारीख पाहतं, पण ती खरी असेल तरच. दर बिल्डला सगळ्या पानांवर आजची तारीख पडत असेल तर तिच्यावरचा विश्वास उडतो.

मग मुख्य चार-पाच पानांचे पत्ते सर्च कन्सोलच्या तपासणीच्या खिडकीत टाका आणि "लाइव्ह चाचणी" चालवून गुगलला दिसणारं एचटीएमएल पहा. ठीक असेल तर इंडेक्सची विनंती करा, एकदाच. रोज विनंती करून रांग पुढे सरकत नाही. पहिल्या काही दिवसांत काहीच न दिसणं नेहमीचं आहे.

दोन-तीन आठवड्यांनी पानांचा अहवाल उघडा. "सापडलं, पण अजून इंडेक्स नाही" म्हणजे गुगलला पत्ता कळला, वाचायला ते आलंच नाही. बहुधा साईट नवी आहे किंवा त्या पानाकडे आतून लिंक कमी आहेत. मुखपृष्ठावरून एक लिंक द्या. "वाचलं, पण इंडेक्स नाही" हे जास्त बोलकं: गुगलने पान पाहिलं आणि ठेवायच्या लायकीचं वाटलं नाही. तिथे कोडमध्ये शोधाशोध करू नका, मजकुराकडे पहा. फायबर कूलरच्या पानावर कंपनीच्या कॅटलॉगातल्या चार ओळीच चिकटवल्या असतील तर त्या इतर शंभर साईटवरही आहेत. त्याऐवजी लिहा: दहा बाय बाराच्या खोलीला कोणता आकार, टाकी किती लिटरची आणि भर दुपारी ती किती तासांत रिकामी होते, नागपूरच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने जाळीवर क्षार साचतात ते कसे काढायचे, खस दर सीझनला का बदलावी. हे आकडे मिस्त्रीच्या तोंडी असतात, विचारून घ्या.

जूनमध्ये पाऊस लागला की क्लायंटचा फोन येतो, "सीझन संपला, भाड्याचं पान काढून टाका." काढू नका. तोच पत्ता राहू द्या, वर एक ओळ घाला: "या सीझनचं बुकिंग बंद, पुढचं जानेवारीपासून", आणि खाली नंबर घ्यायला छोटा फॉर्म ठेवा. दर आणि टायटलमधलं साल जानेवारीत बदला.